कुत्री सारखी चाटत बसते तेव्हा

घरात कुत्री पाळलेल्या मैत्रिणींची एक तक्रार वरचेवर कानावर येते, आणि तीही आवाज खाली आणून सांगितलेली. ‘अहो, आमची कुत्री सारखी मागं चाटत बसते. लघवीची जागा लालभडक झालीय. पण दवाखान्यात सांगायचं कसं?’ घरातली पुरुषमंडळी ‘चाटायचीच ती’ म्हणून मोकळी होतात, आपण संकोचानं गप्प बसतो, आणि मुक्या जिवाचं दुखणं वाढत जातं. म्हणून आज जरा मोकळेपणानं बोलू या.

आधी कॅलेंडर पाहावं. कुत्री पहिल्यांदा साधारण ६ ते १२ महिन्यांची असताना माजावर येते. मोठ्या जातींना दीड-दोन वर्षंही लागतात. पुढे बहुधा दर सहा-सात महिन्यांनी माज येतो आणि तो सुमारे तीन आठवडे चालतो. त्या दिवसांत जागा सुजते, रक्ताचे डाग पडतात, कुत्री चाटतेही. हे दुखणं नव्हे. तिला नरांपासून सांभाळावं, जुनी चादर अंथरावी, एवढंच.

पहिला माज यायच्या आधी काही पिल्लांच्या अंगावरून थोडं पांढरं-पिवळं जातं. पिल्लू खेळतंय, खातंय, तर घाबरू नये. पुष्कळदा पहिल्या माजानंतर ते आपोआप थांबतं. तरी डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवावं, कारण पुढे गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करायची असेल तर ती केव्हा करावी, हे ठरवताना याचा विचार होतो.

माज नसताना जागा लाल होते, त्याची कारणं बहुधा साधी असतात. कुत्री लठ्ठ असली की तिथल्या कातडीला घडी पडते, घडीत लघवीचा ओलावा राहतो आणि कातडी चिघळते. पावसाळ्यात हे फारच होतं. कधी शेपटीखाली पिसवा किंवा गोचीड सापडतात. कधी फिनेलनं पुसलेल्या ओल्या फरशीवर ती बसलेली असते. फरशी कोरडी होईपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवावं. आणि घडीघडी बसून थेंबथेंब लघवी करत असेल, लघवी लाल दिसत असेल, तर ते मूत्राशयाचं दुखणं असू शकतं. त्याला घरगुती उपाय नाही, औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं. ढुंगण जमिनीवर घासत असेल तर मात्र दोष बहुतेक गुदद्वाराजवळच्या ग्रंथींचा असतो.

कातडी नुसती लाल असेल तर घरी एवढं करावं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करावं, त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ विरघळवावं. स्वच्छ मऊ फडक्यानं दिवसातून दोनदा हलकेच पुसावं आणि लगेच टिपून कोरडं करावं. चाटणं थांबत नसेल तर गळ्यात प्लॅस्टिकचा शंकू घालावा. प्यायला भरपूर पाणी ठेवावं आणि दिवसातून चार-पाच वेळा लघवीला बाहेर न्यावं. दोन दिवसांत उतार नाही पडला तर दवाखाना गाठावा.

न करण्याच्या गोष्टीही लक्षात ठेवा. डेटॉल, रॉकेल, बोरिक पावडर यांपैकी काहीही तिथं लावू नये. आपल्या खाजेची मलमंही नकोत, ती चाटून पोटात जातात. आपल्या डोकेदुखीच्या, अंगदुखीच्या गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. कुत्र्यांना त्या विषासारख्या बाधू शकतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माज संपून एक-दोन महिने झालेत, कुत्री मरगळलीय, खात नाही, पाणी मात्र ढसाढसा पितेय, उलट्या होताहेत, आणि अंगावरून घाण वासाचा पू जातोय, असं दिसलं तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत हे जास्त आढळतं. कधी गर्भाशयाचं तोंड बंद असतं. मग पू बाहेर दिसतच नाही, नुसतं पोट फुगतं. तो प्रकार अधिक घातक. ‘उद्या बघू’ म्हणू नये, एका रात्रीत जीव जाऊ शकतो. त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. बहुतेक वेळा गर्भाशय काढून टाकावं लागतं. वेळेवर नेलं तर कुत्री वाचते. ज्यांना पिल्लं नकोत त्यांनी तरुणपणीच ही शस्त्रक्रिया करून घेतली तर हे संकट जवळजवळ टळतंच.

दुसरं एक लक्षण. माज नसताना अधूनमधून रक्त ठिबकतं आणि आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी मांसाची गाठ दिसते. ही लागण भटक्या कुत्र्यांशी संग झाल्यानं होते. ऐकून काळजात धस्स होतं खरं, पण बहुतेक कुत्र्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी काही आठवड्यांत बऱ्या होतात. मात्र सगळी इंजेक्शनं पुरी करावीत.

डॉक्टरांपुढे लाजू नका, त्यांचं ते रोजचंच काम आहे. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: शेवटचा माज कधी आला, अंगावरून काय आणि कोणत्या रंगाचं जातं, पाणी किती पिते, लघवी किती वेळा करते. तिला बोलता येत नाही, तेव्हा हे तुम्हीच सांगायचं आहे.