शटर दहादा वरखाली केल्याशिवाय पैसे देऊ नका

आज धानाचं नाही, शटरचं सांगतो.

मागच्या वर्षी ट्रॅक्टर ठेवायला शेड बांधली. फिटर दोन तासात शटर बसवून मोकळा. ओळंबा लावला नाही. मी पण "चालते जी" म्हणून पूर्ण पैसे देऊन टाकले. चूक माझीच.

पहिल्याच पावसात शटर एका बाजूनं अडकलं, खाली दोन बोटं फट राहिली. आतमध्ये उन्हाळी धानाचे कट्टे. चार कट्टे भिजले. खरेदी केंद्रावर 17 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही, आता वाळवा पुन्हा! फिटर म्हणते भिंत वाकडी, मिस्त्री म्हणते फिटर कच्चा. नंतर एक दिवस वर केलेलं शटर धाडकन खाली आलं. पोरगा एका पावलानं वाचला.

बियाण्याची पिशवी आपण उलटीपालटी करून घेतो, मग शटर का नाही? दोन्ही पट्ट्यांना ओळंबा लावून पहा. शटर दहादा वरखाली करा. अर्ध्यावर सोडलं तर तिथंच थांबलं पाहिजे. बंद केल्यावर खालून उजेड दिसू नये. मगच पैसे द्या. आणि स्प्रिंग स्वतः खोलू नका, ताणलेली असते, हात जाईल.