रकाना भरला, रुग्णाचे काय?

आत्महत्येच्या जोखमीचे मूल्यांकन शिकवताना मनोविकारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्या हाती बहुधा एक प्रश्नावली दिली जाते, जिच्यातील गुणांची बेरीज करून रुग्णाला ‘अल्प’, ‘मध्यम’ वा ‘तीव्र’ अशा रकान्यात बसवले जाते; या पद्धतीचा पाया मात्र कच्चा आहे. जोसेफ फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा कोणत्याही एका जोखीम-घटकावरून केलेले भाकीत योगायोगापेक्षा जेमतेमच सरस ठरले. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेनेही २०२२ च्या मार्गदर्शिकेत भाकितासाठी अशा मापनपट्ट्या वापरू नयेत, असे बजावले आहे. भरलेला तक्ता रुग्णालयाच्या दप्तराला आधार देतो, रुग्णाला क्वचितच.

खरे कसब संवादात आहे आणि तेच कमी शिकवले जाते. नवखा समुपदेशक ‘तसले काही विचार नाहीत ना येत?’ असे विचारतो, तेव्हा ‘नाही’ हे उत्तर त्याने स्वतःच रुग्णाच्या तोंडी घातलेले असते. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे थेट विचारल्याने तो विचार बळावत नाही, हे संशोधनाने दाखवले आहे, पण हा प्रश्न न अडखळता विचारण्यासाठी तालीम लागते.

पुढची पायरी सुरक्षा आराखड्याची, म्हणजे संकटाच्या घडीला काय करायचे हे रुग्णासोबत बसून लिहून काढण्याची. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांच्या या पद्धतीत धोक्याच्या खुणा ओळखण्यापासून घातक साधने दूर ठेवण्यापर्यंत सहा टप्पे आहेत. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत या आराखड्याला पाठपुराव्याच्या दूरध्वनींची जोड दिली असता, नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत पुढील सहा महिन्यांतील आत्मघाती वर्तन सुमारे ४५ टक्क्यांनी कमी आढळले (२०१८). ‘मन रमवावे’ असे मोघम वाक्य येथे कुचकामी ठरते. ‘शेजारच्या काकूंकडे जाऊन बसेन’ हे उपयोगी. शेतकरी कुटुंबात फवारणीचे औषध कुलपात राहील का आणि किल्ली कोणाकडे, हे घरच्यांसमक्ष ठरावे लागते, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक रुग्णाच्या फोनमध्ये तिथेच साठवून द्यावा लागतो.

पोलिसांच्या धास्तीने कुटुंबे बोलत नाहीत, म्हणून मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ प्रशिक्षणार्थ्याला ठाऊक हवे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे ते गृहीत धरते आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकते. परीक्षा मात्र लेखी उत्तरावर आटोपू नये: पर्यवेक्षकाने विद्यार्थ्याची प्रत्यक्ष मुलाखत शेजारी बसून ऐकावी, आणि एखादा रुग्ण दगावलाच तर त्या प्रकरणाचा आढावा दोष कोणाच्या माथी मारायचा यासाठी घेऊ नये.