एकच तत्त्व, दोन निवाडे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ रोजी १९७३ चा ‘रो विरुद्ध वेड’ निवाडा रद्दबातल ठरविला आणि गर्भपाताचा प्रश्न राज्यांच्या विधिमंडळांकडे सोपविला. त्यानंतरच्या कोलाहलात धर्मश्रद्धेचा आणि स्त्रीमुक्तीचा असे दोनच आवाज ठळकपणे ऐकू येतात. पण तेथे एक तिसराही प्रवाह आहे. ‘लिबर्टेरियन’ म्हणविणारे हे व्यक्तिस्वातंत्र्यवादी विचारवंत प्रत्येक माणसाला स्वतःच्या देहाचा स्वामी मानतात आणि शासनाचा हस्तक्षेप शक्य तितका नाकारतात. इतके सुटसुटीत सूत्र हाती असता त्यांच्यात तरी मतैक्य असावे! प्रत्यक्षात तसे नाही.

मरे रॉथबार्ड यांनी ‘द एथिक्स ऑफ लिबर्टी’ (१९८२) या ग्रंथात प्रतिपादिले की, स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिच्या देहात राहण्याचा अधिकार गर्भालाही नाही. याउलट १९७६ साली ‘लिबर्टेरियन्स फॉर लाइफ’ ही संस्था स्थापन करणाऱ्या डोरिस गॉर्डन यांचे म्हणणे असे की, गर्भ ही व्यक्तीच आहे. तो आपणहून तेथे आलेला नाही, म्हणून त्याला जन्म देणाऱ्यांवर त्याचे दायित्व येते. वॉल्टर ब्लॉक यांनी मधला मार्ग काढला: गर्भाला बाहेर काढण्याचा अधिकार आहे, ठार मारण्याचा नाही. लिबर्टेरियन पक्षाच्या जाहीरनाम्यात शासनाने या प्रश्नापासून दूर राहावे, असे कलम वर्षानुवर्षे होते. मे २०२२ मध्ये रेनो येथील अधिवेशनात तेही वगळण्यात आले.

तत्त्व एक, निवाडे मात्र परस्परविरोधी. असे का व्हावे? कारण ‘व्यक्ती कोण?’ हा प्रश्न स्वामित्वाच्या सूत्राने सुटतच नाही. त्याचे उत्तर आधी गृहीत धरावे लागते. मालमत्तेच्या भाषेत पोटचा गोळा घुसखोर ठरतो, तर बंदीच्या आग्रहापायी, ज्या शासनावर या मंडळींचा विश्वास नाही, त्याचाच पोलीस प्रसूतिगृहाच्या दाराशी उभा राहतो.

‘निवड ही सर्वस्वी खासगी बाब’ या युक्तिवादाची कसोटी आपल्याकडेही लागली आहे. १९७१ च्या कायद्याने भारतात गर्भपाताला मर्यादित मान्यता मिळाली. पुढे मुलगी नको म्हणून गर्भ पाडले जाऊ लागले, तेव्हा १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८९४. ती प्रत्येक निवड ‘खासगी’च होती, परिणाम मात्र साऱ्या समाजाने भोगला. शिवाय सासरच्या दडपणाखाली दिलेल्या होकाराला स्त्रीचे स्वातंत्र्य म्हणावे काय?

स्वातंत्र्य हे मूल्य थोरच. पण एका देहात दोन जीव वाढत असताना केवळ हक्काची भाषा अपुरी पडते. तेथे कर्तव्याची भाषा हवी, आणि ते कर्तव्य एकट्या मातेचे नव्हे. अडचणीतील स्त्रीला आधार, उपचार व निर्भयता न देता तिला नीती शिकविण्याचा अधिकार ना शासनाला आहे, ना समाजाला.