घर कोणासाठी मांडावे?

घराची मांडणी व शोभा हा विषय शाळेच्या वार्षिकात कशाला, असे काही पालक विचारतील हे आम्ही जाणून आहो. गणित, इंग्रजी आणि शिस्त यांविषयी लिहिण्याजोगे पुष्कळ असता शिक्षकाने पडदे व खुर्च्या यांच्या वाटेस का जावे? आमचे उत्तर साधे आहे. मूल शाळेत सहा-सात तास असते, बाकीचा सर्व काळ घरी असते. आणि वर्गात जी आळसावलेली, जांभया देणारी, चिडखोर मुले आम्हांस दिसतात, त्यांपैकी कित्येकांचा दोष त्यांच्या बुद्धीत नसून ती जेथे निजतात व बसतात त्या जागेत असतो, असे आमचे बहुत वर्षांचे निरीक्षण आहे.

दिवाळीची सुटी संपली म्हणजे दहावीच्या विद्यार्थ्यांच्या घरी एक फेरी मारावयाची, असा आमचा परिपाठ आहे. एकदा अशाच फेरीत आम्ही एका नव्या बंगल्यात गेलो. वडील गलाईच्या धंद्यानिमित्त दक्षिणेकडे. घरी आई, आजी, मुलगा व धाकटी मुलगी. दिवाणखाना प्रशस्त. गुळगुळीत फरशी, काचेच्या कपाटात कधीही न वापरलेले कपबशांचे संच, भिंत व्यापून टाकणारा दूरदर्शन संच, आणि विकत आणल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच असलेला मोठा सोफा. चहा झाल्यावर आम्ही मुलास विचारले, “अभ्यास कोठे करतोस?” तो आम्हांस जिन्याशी घेऊन गेला. तिसरी पायरी ही त्याची जागा. वर दिवा आहे, वही मांडीवर, पुस्तक वरच्या पायरीवर. दिवाणखान्यात का बसत नाहीस, असे विचारताच त्याची आई संकोचून म्हणाली, “सर, पाव्हणं येत्यात. पसारा बरा दिसत नाही.” पाहुणे किती वेळा आले, हे आम्ही विचारावयास नको होते, पण विचारले. वास्तुशांतीनंतर दोन वेळा.

आजी दिसल्या नाहीत. त्या मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली खाटेवर होत्या. नव्या फरशीवर पाय घसरून त्या एकदा पडल्या, तेव्हापासून त्यांस तेथे हलविले होते. म्हणजे फरशी ठेवली आणि आजी हलविली. हे त्या घरातील कोणास क्रूर वाटले नव्हते, आणि ती माणसे क्रूर नव्हतीही. आजींस दोन वेळा गरम भाकरी व औषध वेळेवर मिळत होते. केवळ घर कोणासाठी आहे, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नव्हता.

या बंगल्यांस हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही. आटपाडी, खानापूर, विटे या बाजूची शेकडो कुटुंबे दुष्काळाने बाहेर पडली आणि सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यावर देशभर पसरली. परमुलखात, परभाषेत, एका खोलीत भट्टी व तेजाबाच्या वासाशेजारी वर्षानुवर्षे राहिलेल्या मनुष्यास गावी एक घर असे असावे की ज्याकडे गावाने पाहावे, असे वाटले तर त्यात नवल कसले? ते घर म्हणजे त्याच्या कष्टांची पावतीच होय. पुढे टेंभू योजनेचे पाणी आले, डाळिंबाने काहींस हात दिला, आणि ज्यांनी गाव सोडले नाही त्यांनीही स्लॅब टाकले. आमचे म्हणणे एवढेच की, पावती भिंतीवर लावावी. तिच्यात संसार मांडू नये.

आता थोडे विषयांतर करतो, परंतु ते विषयास धरूनच आहे. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात कफर्णहूम येथील एका घराचे छप्पर उकरून चार माणसांनी पक्षाघाती मनुष्यास येशूपुढे खाली सोडल्याची कथा आहे. कौलारू व पत्र्याच्या घरांत वाढलेल्या वाचकांस हे छप्पर उकरणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागते. माणदेशातील मुलास ते सांगावे लागत नाही. पॅलेस्टाईनमधील घराचे छप्पर आणि आमचे माळवद ही सख्खी भावंडेच. तुळया, त्यांवर लाकूड, त्यावर पालापाचोळा, आणि त्यावर मातीचा जाड थर. वर जाऊन धान्य वाळवावे, उन्हाळ्यात निजावे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधशील तर धाब्यास कठडा कर, कोणी पडून मरू नये, अशी आज्ञा आहे. देवाच्या नियमशास्त्रात कठड्यास जागा आहे हे आमच्या ध्यानात आले, तेव्हापासून घराची मांडणी हा विषय क्षुल्लक आहे असे आम्हांस कधीच वाटले नाही.

आणि सजावटीविषयी आम्हांस ठाऊक असलेला सर्वांत उत्तम पाठ शूनेम येथील त्या संपन्न बाईचा होय. तिची कथा दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात आहे. अलीशा संदेष्टा वरचेवर येतो, तर त्याच्यासाठी धाब्यावर एक लहान खोली बांधावी, असे ती पतीस सुचविते, आणि खोलीत काय ठेवावयाचे तेही सांगते. पलंग, मेज, बसावयास आसन आणि दिवा. एवढेच. ती श्रीमंत होती, गालिचे व पितळी भांडी तिला जड नव्हती. पण येणारा मनुष्य थकलेला असेल, तो निजेल, बसेल, वाचील, लिहील, हे तिने मनात आणले आणि त्याप्रमाणे खोली मांडली. पाहुण्यासाठी मांडणे आणि पाहुण्याने पाहावे म्हणून मांडणे या दोहोंत केवढे अंतर आहे, हे या चार वस्तूंवरून कळते. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या बंगल्यात या चारही वस्तू होत्या, फक्त त्या एके ठिकाणी आणून, “ही तुझी जागा” असे कोणी त्यास म्हटले नव्हते.

माळवदाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. जुने ते सर्व सोने, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. माळवदाच्या घरात उंदीर, विंचू, पावसाळ्याची गळती आणि भर दुपारचा अंधार असे. ते घर सारवून, लिंपून उभे ठेवण्याचे कष्ट स्त्रियांच्या माथी होते, आणि त्या कष्टांतून सुटका झाल्याचा आनंद ज्यांस होत नाही त्यांनी स्वतः एक वर्ष सारवून पाहावे. पण एक गोष्ट त्या घरास येत होती ती नव्या घरास येत नाही. मातीचा जाड थर ऊन सावकाश आत येऊ देई; एप्रिल-मे महिन्यांत बाहेर काहिली असता आत बसवत असे. पत्रा तापतो तो तत्काळ. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन साठवितो आणि रात्री, नेमक्या निजावयाच्या वेळी, ते खाली सोडतो. परीक्षेच्या दिवसांत मुले तळमळतात ती पुष्कळदा यामुळे. यावर उपाय स्वस्त आहे: गच्चीस वरून पांढरा चुना. पांढरा रंग ऊन परतवितो, आणि खालच्या खोलीतील फरक अंगास कळतो. दिवाणखान्याच्या छतास खालून नक्षी करावयास लोक हजारो रुपये देतात. वरून दोन हात चुना द्यावा, हे सुचत नाही, कारण गच्चीचा चुना पाहुण्यांस दिसत नाही.

हवा व उजेड यांविषयी तर आमच्या जिल्ह्यास परक्या गुरूची आवश्यकता नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात घराच्या आरोग्यास शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाण्याचा निचरा, स्वच्छता आणि उजेड या पाच गोष्टी हव्यात, असे सांगितले. परंतु मिरजेस १८९४ साली रुग्णालय उघडणारे डॉ. विल्यम वानलेस यांचे नाव आपल्या अधिक परिचयाचे आहे. सांगली-मिरजेच्या दरम्यानच्या वानलेसवाडीस क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले, त्या काळी क्षयावर आजच्यासारखी औषधे नव्हती. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ सालचा. त्यापूर्वी असल्या आरोग्यधामांत मोकळी हवा, ऊन, विश्रांती व सकस अन्न हाच मुख्य उपचार असे. जी हवा त्या काळी औषध म्हणून योजीत, ती आज आपण खिडकीस जाड पडदा लावून व तिच्यापुढे कपाट उभे करून घराबाहेर ठेवतो.

कपाटाची गोष्ट निघालीच आहे तर आमचाही दोष लपवीत नाही. आमच्या घरी पुस्तकांचे एक अजस्र सागवानी कपाट आहे. एका लिलावात ते आम्ही स्वस्तात घेतले आणि जागा नव्हती म्हणून पूर्वेच्या खिडकीपुढे उभे केले. ते तेथे अकरा वर्षे उभे होते. त्या खोलीत आमची पत्नी प्रतिवर्षी हिवाळ्यात खोकत असे, आणि आम्ही तो ऋतूचा दोष समजत असू. एकदा रंगकामासाठी कपाट हलविले. मागील भिंत ओल व बुरशीने काळी पडलेली होती, आणि खिडकीतून ऊन पलंगापर्यंत आले. पत्नीने शांतपणे विचारले, “आता हे कपाट परत तिथे जाणार का?” ते गेले नाही. पुस्तके आता ओसरीत आहेत, त्यांवर धूळ बसते, आणि ती झाडण्याचे काम आमच्याकडे आले आहे.

आमच्या गावाजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या काळात, १९३९ च्या सुमारास, श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मॉरिस फ्रीडमन यांच्या साह्याने ही खुली वसाहत उभी केली. संस्थान १९४८ साली विलीन झाले, तरी वसाहत राहिली. १९५७ सालचा शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट या प्रयोगावरून सुचला, आणि त्याची कथा याच तालुक्यातील शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांची, हे मुलांस माहीत असते. पण आमच्या मते त्या वसाहतीतील खरी नवलाची गोष्ट चित्रपटात नाही. शिक्षा भोगणाऱ्या मनुष्यास तेथे उंच भिंत नाही. त्यास शेत आहे, आणि बायकामुलांसह राहावयास लहानसे घर आहे. स्वतःची चूल, स्वतःचे दार, संध्याकाळी परत येण्याची जागा, यांनी मनुष्य सावरतो, असा विश्वास त्यामागे आहे. आणि निरपराध मुलास मात्र आपण आपल्याच घरात बसावयास एक जागा देत नाही!

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील अधिकार आमचा नव्हे. घरातील सर्वांत अधिक वेळ उभे राहणारी व्यक्ती जेथे उभी राहते, ती खोली बहुतेक बंगल्यांत सर्वांत लहान, मागची व अंधारी असते. ज्या घरी अजून सरपणाची चूल आहे, तेथे धूर जावयास छपराजवळ मोठे गवाक्ष असलेच पाहिजे. आणि जेथे गॅस आला आहे तेथेही फोडणीचा धूर व वाफ बाहेर जावयास वाट हवी. नकाशा काढताना घरच्या स्त्रीस विचारले होते काय, असे आम्ही पालकांस विचारतो, तेव्हा वडील बहुधा हसतात व आई हसत नाही.

२००० साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्याचे प्रवर्तक, तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील, आपल्याच जिल्ह्यातील अंजनी गावचे. त्यामुळे कित्येक गावांचे रस्ते व गटारे सुधारली. आता खराटा उंबऱ्याच्या आत यावयास हरकत नाही. आमच्याकडे पाणी साठवावेच लागते. टेंभू आली तरी पिंप, हौद व रांजण सुटलेले नाहीत. डेंग्यूचा डास घाण पाण्यात नव्हे, याच स्वच्छ साठवणीत वाढतो, आणि अंड्यापासून डास होण्यास आठवड्याच्या आसपासच काळ लागतो. यास्तव प्रत्येक भांड्यास घट्ट झाकण, आणि आठवड्यातून एक वार ठरवून सर्व भांडी घासून कोरडी करावी. काचेच्या कपाटातील कपबशा ज्या घरी दर रविवारी पुसल्या जातात, त्या घरच्या पिंपास झाकण नसलेले आम्ही पाहिले आहे.

शोभा नको, असे आम्ही म्हणतो असा कोणी ग्रह करून घेऊ नये. प्लॅस्टिकच्या फुलांचा आम्हांस मनस्वी कंटाळा आहे, एवढे मात्र कबूल करतो. भांडी विसळलेल्या पाण्यावर दोन मोगरे व एक सब्जा सहज जगतो. भिंतीवर एक वचन, घरातील मुलीने काढलेले एक चित्र, नाताळात मुलांनी कामट्या व कागदाची केलेली चांदणी, दारात रांगोळी, ही शोभा घरातील माणसांच्या हातची असते, आणि म्हणून ती जुनी झाली तरी शिळी वाटत नाही. बाजारातून आणलेले, सर्व घरी एकच असलेले धबधब्याचे चित्र काय सांगते? या मुलखात धबधबा, तोही फक्त भिंतीवर!

त्या विद्यार्थ्याच्या आईस आम्ही काही उपदेश केला नाही. चहा घेऊन निघालो. पुढे महिन्याभराने मुलाने वर्गाबाहेर थांबवून सांगितले की, सोफ्याचे प्लॅस्टिक काढले, खिडकीजवळ मेज आले, आणि वडिलांनी फोनवर हरकत घेतली तेव्हा आईने, “पाव्हणं आलं तर पुस्तकं बघतील,” असे सांगितले. आजी अजून मागेच आहेत. न्हाणीघराच्या वाटेवर व ओसरीत खरबरीत शहाबादी फरशी बसवावी, भिंतीस धरावयास एक नळी लावावी, म्हणजे त्यांस आत आणता येईल, असे आम्ही त्यास एका कागदावर आकृती काढून दिले आहे. वडील उन्हाळ्यात येणार आहेत, तेव्हा ते काम होईल, असे तो म्हणाला.

हे वार्षिक मुलांच्या हाती पडेल तेव्हा ऊन वाढू लागलेले असेल. गच्चीस चुना देणे हे एका सकाळचे काम आहे. चुना आदल्या दिवशी भिजवावा, डोळ्यांत उडणार नाही अशी काळजी घ्यावी, गच्ची आधी स्वच्छ झाडून ओली करावी, आणि लांब दांड्याच्या कुंच्याने दोन हात द्यावे. दहावीच्या मुलांनी परीक्षा संपेपर्यंत थांबू नये; धाकट्या भावास हाताशी घ्यावे.