मोटारीची शेपटी



काही मोटारींच्या मागच्या बाजूला, डिकीवर किंवा छपराच्या टोकाला, शेपटीसारखी पट्टी लावलेली असते. ती तुम्ही पाहिली असेल. तिला स्पॉइलर म्हणतात. आजकाल जुन्या मोटारींनाही तो हौसेने बसवून घेतात. आपल्या पेडगावची काही मुले शाळा संपल्यावर परभणीच्या गॅरेजात काम शिकायला जातात. उद्या तुमच्यापैकी कोणाच्या हातात हे काम येईल, म्हणून याविषयी माझे मत सांगतो. स्पॉइलर बसवायला माझी हरकत नाही. पण बसवणाऱ्या कारागिराने गिऱ्हाईकाला आधी खरे काय ते सांगितले पाहिजे.

इंग्रजीत 'स्पॉइल' म्हणजे बिघडवणे. मोटार वेगाने धावते तेव्हा हवा तिच्या छपरावरून मागे घसरते. मोटारीच्या गोलाईमुळे ही हवा तिला किंचित वर उचलते आणि मागची चाके रस्त्यावर कमी जोराने टेकतात. स्पॉइलर हवेची ही वाट बिघडवतो, म्हणून त्याचे हे नाव. (हवा हा शब्द उर्दूतही आहे. मात्र मराठीत 'मला स्पॉइलर हवा' असेही म्हणतात. तो 'हवा' वेगळा, आणि गॅरेजात तोच जास्त ऐकू येतो!)

ही युक्ती शर्यतीच्या मैदानात जन्मली. १९६१ साली इटलीच्या फेरारी कंपनीने आपल्या शर्यतीच्या मोटारीला मागे ठेंगणी पट्टी लावली. १९६६ साली अमेरिकेच्या जिम हॉल यांनी आपल्या चॅपरल मोटारीवर उंच खांबांवर मोठा पंख उभारला. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तसाच पंख उलटा बसवला की तो मोटारीला खाली दाबतो. १९७२ साली जर्मनीच्या पोर्शे कंपनीने तर रस्त्यावर चालणाऱ्या एका मोटारीला बदकाच्या शेपटीसारखा स्पॉइलर देऊन ती विकायला काढली.

आता थोडे गणित करू. हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी ४० किलोमीटरवरून ८० झाला, तर जोर चौपट होतो. १२० झाला, तर नऊपट. म्हणजे १२० च्या वेगाला स्पॉइलर जेवढे काम करतो, त्याचा नववा हिस्साच ४० च्या वेगाला करतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मर्यादा आहे. तिथे त्याचा थोडाफार उपयोग होईल. पण पेडगावहून परभणीला जाताना वाटेत कापसाचे ट्रॅक्टर, बैलगाड्या आणि शेळ्यांचे कळप लागतात. तिथे हवेचा जोर कितीसा असणार? शिवाय आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींचे इंजिन पुढची चाके फिरवते. मागची बाजू दाबून अशा मोटारीची ओढ वाढत नाही.

कंपनी काही लहान मोटारींच्या छपराच्या टोकाला जी पट्टी देते, तिची गोष्ट निराळी आहे. मोटारीवर जोराचा वारा सोडून आधी तिची चाचणी घेतलेली असते. तिच्यामुळे हवेचा अडथळा कमी होऊ शकतो. बाजारातून अंदाजाने आणलेल्या पट्टीने तो उलट वाढूही शकतो.

तेव्हा आपल्या रस्त्यांवर स्पॉइलर हा दागिना आहे. दागिना वाईट नसतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतात, ते बैलाने जास्त नांगरावे म्हणून नव्हे. पण 'हा लावा, गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहील, पेट्रोलही वाचेल' असे सांगून तो विकणे मला मान्य नाही. मराठीत 'वेड पांघरून पेडगावला जाणे' असा वाक्प्रचार आहे. सगळे ठाऊक असून न समजल्याचे सोंग घेणे, हा त्याचा अर्थ. त्यातले पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यातले, भीमा नदीकाठचे, आपले नव्हे. तरी आपल्याकडे असे वेड पांघरणारे मिस्त्री नसतील असे मी म्हणणार नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, खरे सांगितले तर गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजात जाईल." जाईल. काही जण नक्की जातील. पण जो तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून वळणावर वेग कमी करणार नाही, त्याच्या शेजारी त्याची मुले बसलेली असतात. टायर झिजून गुळगुळीत झाले असतील, तर त्याला आधी टायर बदलायला सांगा. ब्रेक तपासा. मग उरलेल्या पैशांत हौस.

आता निवड. स्पॉइलर हलका आणि त्याच मोटारीच्या मापाचा घ्यावा. जड असेल तर डिकीचे झाकण वर टिकत नाही आणि सामान काढणाऱ्याच्या डोक्यावर येते. आरशातून मागचा रस्ता दिसला पाहिजे. ब्रेकचा दिवा आणि नंबरची पाटी झाकता कामा नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने केलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. म्हणून मोठा पंख लावण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.

बसवण्याचे काम तर अधिकच जबाबदारीचे. ४ मे १९६९ रोजी स्पेनमध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत लोटस कंपनीच्या दोन मोटारी धावत होत्या. ग्रॅहॅम हिल आणि योखेन रिंट त्या चालवत होते. दोघांच्याही मोटारींचे उंच पंख मोडले आणि दोन्ही मोटारी आदळल्या. चालक वाचले, पण त्याच महिन्यात मोनॅको येथील शर्यतीत असे उंच पंख बंद करण्यात आले. जगातल्या नामांकित मिस्त्रींचे काम तुटले, तिथे आपण दोन स्क्रू पिळून मोकळे व्हावे काय?

रंग आधी द्यावा. पत्रा धुऊन, पुसून, कोरडा करावा. डिकीचा मध्य मोजून कागदी पट्टीने खूण करावी आणि दोन्ही कडांपासूनचे अंतर पुन्हा मोजावे. भोक चुकीच्या जागी पडले तर ते परत बुजवणे महाग पडते. भोकाच्या कडा घासून त्यांना प्रायमर लावावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. बोल्टखाली रबरी वॉशर घालावा, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. नुसत्या चिकटपट्टीवर बसवायचा असेल, तर मे महिन्यातल्या तापलेल्या पत्र्यावर तो बसवू नये. मोटार सावलीत थंड होऊ द्यावी आणि नंतर एक दिवस धुऊ नये. मग झाकण दहा वेळा उघडून मिटून पाहावे. आपल्या खड्ड्यांनी बोल्ट सैल होतात, म्हणून आठ दिवसांनी गिऱ्हाईकाला परत बोलावून ते आवळून द्यावेत. त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत.