आइस्क्रीम-सोड्याचे पेले: शोकेससाठी की पिण्यासाठी?

कोल्हापुरात 'कॉकटेल' म्हटलं की बाहेरगावचे पाहुणे दचकतात. आपल्या डोळ्यांसमोर मात्र फळांचे तुकडे, जेली, सुकामेवा आणि वर आइस्क्रीम असा काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास येतो. सोळंकी, इंपीरियल ही नावं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. तोच थाट घरी करावा, थंड सोड्यावर आइस्क्रीमचा गोळा तरंगत द्यावा, अशी हौस बऱ्याच जणींना असते. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध आणून आटवलं की आइस्क्रीमचं निम्मं काम झालंच म्हणा. अडतं ते पेल्यांपाशी.

खाली पाय, अंगावर उभ्या पन्हळी आणि वर फाकलेलं तोंड असे जुन्या वळणाचे ग्लास हल्ली पुन्हा दुकानांत दिसू लागले आहेत. हे वळण अमेरिकेतल्या सोडा-काउंटरवरचं. सोड्यात आइस्क्रीम घालण्याची कल्पना १८७४ साली फिलाडेल्फियात रॉबर्ट ग्रीन यांनी काढली असं सांगतात. (आपल्या गोटी सोड्याची बाटली त्याच सुमाराची बरं का! इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी तिचं पेटंट १८७२ साली घेतलं.) पेल्याचा हा आकार काही नुसता शोभेचा नाही. पायामुळे हाताची ऊब पेयाला लागत नाही. पन्हळीमुळे घाम आलेला ग्लास हातातून निसटत नाही. आणि फाकलेल्या तोंडात गोळा नीट बसतो, फेसालाही जागा राहते.

फेसाचं गणित आधी समजून घ्या, म्हणजे माप चुकणार नाही. आइस्क्रीमचा पृष्ठभाग खरखरीत असतो. सोड्यातला वायू त्याला लागला की भराभर बुडबुडे सुटतात आणि दुधातली प्रथिनं त्यांना लवकर फुटू देत नाहीत. म्हणून ग्लास भरला की तो उतू जाणारच. सोडा आधी कडेकडेने ओतून ग्लास साधारण निम्मा भरायचा, मग गोळा अलगद सोडायचा आणि फेस बसला की वरून थोडा सोडा घालायचा. यासाठी साडेतीनशे मिलिलिटरचा ग्लास हवा. दोनशे-अडीचशेचा दिसतो छान, पण टेबलक्लॉथ धुवायचं काम वाढवतो.

दुकानात जाताना पिशवीत तीन वस्तू टाका: घरातला आइस्क्रीमचा स्कूप, लांब दांड्याचा चमचा आणि मापाची पाण्याची बाटली. दुकानदार हसला तर हसू दे! स्कूप ग्लासच्या तोंडात सहज उतरला पाहिजे. आतून तोंड सात-आठ सेंटिमीटर असलं तर काळजी नाही. चमचा तळाला टेकून वर दोन बोटं तरी उरला पाहिजे. नाहीतर तळाचं सरबत आणि आइस्क्रीम तिथेच राहतं आणि पोरं ग्लास उलटा करून डोक्याला लावतात. मग तळापर्यंत आपला हात किंवा बाटलीचा ब्रश पोचतो का तेही बघा. न पोचणारा ग्लास कितीही देखणा असला तरी घेऊ नका, कारण तळाशी दुधाची साय वाळते आणि दुसऱ्या दिवशी वास येतो. शेवटी ग्लास सपाट फळीवर ठेवून डुगडुगतो का पाहा आणि काठावरून बोट हलकेच फिरवा.

आता जरा गंभीर गोष्ट. जुन्या वस्तूंची आवड वाढल्यामुळे माळ्यावरचे रंगीत चित्रांचे, सोनेरी काठाचे ग्लासही बाहेर निघतात. आजीच्या काळचे म्हणून जीव अडकतो, ते मी समजू शकते. कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलही आपण असाच जपतो. पण कंदील ओठाला लागत नाही. जुन्या काचेवरच्या रंगांत शिसं किंवा कॅडमियम असू शकतं आणि आंबट पेयात ते थोडं थोडं उतरतं. सोडा, संत्र्याचं सरबत ही सगळी आंबटच. शिसं लहान मुलांना फार बाधतं, मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं आणि ते चवीला कळत नाही. तेव्हा काठाजवळ रंग असलेले, रंगाचे पोपडे निघालेले जुने ग्लास फुलं ठेवायला वापरा. जड, लखलखणाऱ्या जुन्या क्रिस्टलमध्येही शिसं असतं. मुलांच्या हाती नवा, साधा, बिनरंगी काचेचाच ग्लास द्यावा.

आणि हो, 'पाहुण्यांना काचेचा, पोरांना स्टीलचा' ही आपल्या घरांतली रीत मला मुळीच पटत नाही. फुटतील म्हणून शोकेसमध्ये कुलपात ठेवायचे असतील तर एवढे पैसे घालूच नयेत. त्यापेक्षा लस्सीचे जाड बुडाचे उंच ग्लास घ्यावेत. ते सुटे मिळतात, एक फुटला तर जोडी लावता येते. पायाच्या ग्लासांचा सेटच घ्यायचा झाला, तर सुटा नग पुन्हा मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा.

वापरण्यापूर्वी ग्लास अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवले तर फेस जरा आवरतो. फ्रीझरमध्ये मात्र नको. रिकामे झाल्यावर लगेच गरम पाण्यात टाकू नका, जाड काच अशानेच तडकते. लस्सीचे ग्लास एकात एक रचून अडकले, तर वरच्यात गार पाणी भरा, खालचा कोमट पाण्यात उभा करा आणि थोड्या वेळाने हलकेच पिळून काढा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडले, तर व्हिनेगरमध्ये पाणी घालून दहा मिनिटं बुडवून ठेवावेत आणि जुन्या धुवट सुती कापडाने पुसावेत. टॉवेलने पुसाल तर त्याची लव काचेला चिकटते.