'नॉर्थ इंडियन'च्या नावाने बोटे मोडण्यापूर्वी

आपल्या मंडळाच्या गेल्या वार्षिक स्नेहसंमेलनाचे भोजन शहरातील एका 'नॉर्थ इंडियन' उपाहारगृहात झाले. पनीर, मिश्र भाजी, काळ्या उडदाची डाळ, नान, जिरा राइस आणि शेवटी गुलाबजाम असा बेत होता. भोजनोत्तर नाराजीचा सूर निघाला, तो अद्याप विरलेला नाही. मराठी वाङ्मयाच्या नावाने एकत्र यावयाचे आणि पंजाबी पदार्थांवर ताव मारून घरी जावयाचे, हा कसला मराठी बाणा, असा प्रश्न अनेक ज्येष्ठ सभासदांनी केला. 'या पंजाबी हॉटेलांनी आपली संस्कृती गिळली' असेही एकाने म्हटले आणि पाचसहा माना डोलल्या. त्यांत आमचीही मान होती. इतकेच नव्हे, दुसरी नान मागवून मग तक्रार करणाऱ्यांपैकी आम्ही होतो, हे आरंभीच कबूल करून टाकतो.

त्यानंतर आम्ही या विषयाचा थोडा विचार केला आणि आमची मान चुकीच्या वेळी डोलली असे आमच्या ध्यानात आले. तक्रार खरी असेलही; परंतु ती चुकीच्या दारात नेऊन ठेवली जात आहे. ती आपल्याच दारात आणून ठेवावी एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या पाटीचा समाचार घेऊ. 'नॉर्थ इंडियन' हे नाव खोटे आहे, यात शंका नाही. काश्मीरचे वाझवान, हिमाचलातील धाम, अवधचे दम दिलेले पदार्थ, बनारसची कचौरी, बिहारचा लिट्टी-चोखा, कुमाऊंतील भट्टाची चुडकानी, मारवाडची केर-सांगरी, हे सारे उत्तर भारतातच शिजते. त्यांपैकी किती पदार्थ आपल्या शहरातील या उपाहारगृहांत मिळतात? फार काय, पंजाबी घरात रोज होणारी कढी, वड्यांची भाजी किंवा हिवाळ्यातील सरसोंचा साग हेही तेथे क्वचितच दिसतात. बडोद्यातील सामान्य माणूस या पाटीला भुललेला नाही. तो सरळ 'पंजाबी खायला जाऊ' असे म्हणतो. पण तेही अर्धेच खरे. मिळते ते पंजाबच्या घरचे अन्न नसून फाळणीनंतर दिल्लीत घडलेले हॉटेलचे अन्न होय.

ते शिजते कसे, हेही पाहण्यासारखे आहे. सकाळी मोठ्या पातेल्यांत दोनतीन ग्रेव्ही तयार होतात. कांदा-टोमॅटोची तांबडी, काजू आणि मगज वाटून केलेली पांढरी, आणि कोठे कोठे एक पिवळी. संध्याकाळी गिऱ्हाईक आले की यांपैकी एक पळीभर, दुसरी अर्धी पळी, वर पनीर किंवा उकडलेल्या भाज्या, लोण्याचा गोळा, चुरडलेली कसुरी मेथी, आणि पदार्थ दहा मिनिटांत टेबलावर! मेनूकार्डावरील साठ नावांच्या मागे तीन पातेली असतात. त्यांतल्या एका नावाकडे मात्र मराठी वाचकाने अवश्य लक्ष द्यावे. ते नाव 'वेज कोल्हापुरी'. कोल्हापूरचा लौकिक मटणाचा आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा. तेथल्या कोणाही सुगरणीने फ्लॉवर, गाजर आणि फरसबी तांबड्या ग्रेव्हीत बुडवून वर दोन सुक्या मिरच्या ठेवल्या आणि त्याला गावाचे नाव दिले, असे आमच्या तरी ऐकिवात नाही. आपल्या शेकडो पदार्थांतून त्या कार्डावर चढले ते एवढेच एक नाव, आणि तेही दुसऱ्यानेच घडवलेले. याची लाज त्या हॉटेलवाल्याला वाटावी की आपल्याला?

येथून खरा मुद्दा सुरू होतो. हे अन्न देशभर जिंकले ते कशाच्या बळावर? १९४७ साली पेशावरकडून निर्वासित होऊन आलेल्या कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या दर्यागंजात 'मोती महल' उघडले. बटर चिकन आणि दाल मखनी प्रथम कोणी केली यावरून त्यांच्या वारसांत वाद आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो दिल्ली उच्च न्यायालयात पोहोचला. कर्ता कोणीही असो, एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्यांचे घरदार, शेती, गल्ली, सारे सीमेपलीकडे राहिले, त्यांच्याजवळ विकण्याजोगे उरले होते ते हातातले कसब. पंजाबातील खेड्यांत गल्लीतल्या साऱ्या बायका एका सामाईक तंदुरावर रोट्या भाजत. त्याला 'सांझा चूल्हा' म्हणत. तो तंदूर दिल्लीच्या रस्त्यावर आला आणि पैसे मोजणाऱ्या कोणाहीसाठी पेटला. त्या माणसांना पोट भरायचे होते. येणाऱ्याचे आडनाव विचारीत बसणे त्यांना परवडणारे नव्हते.

आता आपल्याकडे वळू. ज्या काळात तो तंदूर रस्त्यावर आला, त्या काळात आपला स्वयंपाक कोठे होता? तो सोवळ्यात होता. आमच्या लहानपणी दांडिया बाजारातील आमच्या घरी स्वयंपाकघराचा उंबरठा कोणी ओलांडावा याचे नियम होते. पंगतीत कोणाशेजारी कोण बसेल याचे नियम होते, आणि बाहेरचे खाणे हा तर बाटण्याचाच प्रकार मानला जाई. जे अन्न शेजाऱ्याच्या स्पर्शाने बाटते, ते पेठेत मांडता येत नाही. आपण ते जपले असे आपण म्हणतो. खरे म्हणजे आपण ते कोंडले.

हे शब्द कठोर वाटत असतील तर बडोद्याचाच इतिहास आठवावा. सप्टेंबर १९१७ मध्ये, संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन परतलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे नोकरीवर रुजू होण्यासाठी आले. कोणत्याही हिंदू हॉटेलात आपल्याला थारा मिळणार नाही हे ते जाणून होते. नाव बदलून त्यांनी एका पारशी धर्मशाळेत आसरा घेतला. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले. कमाटी बागेत ज्या वडाखाली ते विमनस्क बसले होते ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. त्या वेळी हे शहर मराठी राजाचे होते, कचेऱ्यांत मराठी अधिकारी होते आणि आपण ज्या पुरणावरणाच्या आठवणी काढून उसासे टाकतो ते घरोघर शिजत होते. शहरातील सर्वांत विद्वान मराठी माणसासाठी मात्र एकही पान मांडले गेले नाही. त्या आठवणी सांगताना हेही पान उलटून पाहिले पाहिजे. आज कोणाही आडनावाचा माणूस त्या 'नॉर्थ इंडियन' टेबलाशी बसून नान मागवू शकतो, हा त्या तीन पातेल्यांचा लहान गुण नव्हे.

दुसरे बंद दार घरातच होते. आपली पंगत बसायची तेव्हा बायका कोठे असत? त्या वाढीत असत आणि शेवटी, भात गार झाल्यावर, उरलेल्यावर बसत. स्नेहसंमेलनाहून परतताना आम्ही पनीरला नावे ठेवीत होतो. गृहिणी म्हणाली, "अहो, चव राहू द्या. सगळ्यांबरोबर बसून गरम गरम खायला मिळतं ते मला या एकाच ठिकाणी." आम्ही गप्प झालो. चाळीस वर्षांच्या संसारात हे आमच्या लक्षात आले नव्हते! संमेलनात घरचा मराठी बेत हवा असा आग्रह धरणाऱ्या सभासदांना आमचा एकच प्रश्न आहे: तो बेत रांधणार कोण? आळूची देठी सोलणे, पुरण वाटणे, दीडशे पानांच्या पोळ्या लाटणे ही कामे आग्रह धरणारे करणार आहेत काय? की आपला बाणा पुन्हा एकदा दुसऱ्याच्या मनगटांच्या बळावरच टिकणार आहे?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. 'आपले पदार्थ हॉटेलाचे नव्हेतच. ते घरच्या मायेने, ताजेच खावे लागतात.' हे उत्तर ऐकायला गोड आहे, पण टिकणारे नाही. इडली-डोसा काय कमी ताजा खावा लागतो? उडुपीकडच्या मंडळींनी मठ-मंदिरांच्या सोवळ्यातला स्वयंपाक शहरोशहरी विकला आणि त्यांच्या सांबाराची माया काही आटली नाही. आपल्यातही उदाहरण आहे. मुंबईच्या गिरणगावात हजारो कामगारांना डबे आणि जेवण पुरवणाऱ्या खाणावळवाल्या मराठी बायकाच होत्या. सावकाराच्या कर्जात रुतलेल्या या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेची दारे त्यांच्यासाठी उघडली. म्हणजे मराठी अन्न विकता येते, रोज येते आणि हजारोंना पुरते. मात्र ते विकणाऱ्या बायकांना आपल्या सुशिक्षित समाजाने कधी संस्कृतिरक्षक म्हटले नाही. 'खाणावळवाली' हा शब्द आपण कोणत्या सुरात उच्चारतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

सरकारने हे काम करावे असेही कोणी सुचवितात. सरकारी नोकरीत जन्म घालविल्यामुळे या सूचनेला आम्ही भीत भीतच हात लावतो. महाराष्ट्रात १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर देण्याची योजना निघाली. हेतू चांगला होता, पण अनुदान थांबताच योजना आटोपली आणि अनेक केंद्रांवर निराळेच पदार्थ तळले जाऊ लागले. आदेशाने स्टॉल मिळतो, गिऱ्हाईक मिळत नाही.

गिऱ्हाईक कसे मिळते, त्याचा धडा बडोद्याच्या रस्त्यावरच आहे. या शहराची ओळख म्हणून परगावचा माणूस जे मागतो ते सेव-उसळ. उसळ हा आपला शब्द, वाटाण्याची उसळ हा आपला पदार्थ, आणि झणझणीत तरी ही आपलीच खोड. ती गाडीवर आली, तिच्यावर गुजराती सेव पडली, कांद्याची पात पडली, शेजारी पाव आला, आणि आज गुजराती, सिंधी, मुसलमान, बिहारी सारे त्या गाडीपाशी उभे राहून रस्सा वाढवून मागतात. कोणत्याही मंडळाने तिच्यासाठी ठराव केला नव्हता. ती बाहेर आली, बदलली आणि म्हणून जगली. 'पण ती शुद्ध मराठी उरली नाही', असे कोणी म्हणेल. तर मग शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी सांगावे: भरडा, मेतकूट, सांदण, पंचामृत हे शुद्ध राहिलेले पदार्थ त्यांच्या नातवंडांनी शेवटचे कधी खाल्ले? आणि त्यांची नावे तरी त्या मुलांना सांगता येतात काय? पदार्थ गेला की त्याच्यामागून शब्द जातो, ही साहित्याच्या मंडळाने काळजी करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या घरात डाव, उलथने, रोवळी, पुरणयंत्र हे शब्द हरवले, त्या घरातील मुलाला आपण कितीही कवितासंग्रह भेट दिले तरी त्याची मराठी पाहुण्याचीच राहणार.

म्हणून आमचे सांगणे असे. 'नॉर्थ इंडियन' उपाहारगृहात खुशाल जावे, आवडल्यास दुसरी नान मागवावी आणि तेथे कोणी आपले काही पळवले असे म्हणू नये. त्यांनी आपला पाट घेतलेला नाही. तो आपणच दुसऱ्या कोणाला बसू दिला नाही आणि पुढे स्वतःही त्यावरून उठलो.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे आम्ही एक सूचना ठेवीत आहोत. पुढील स्नेहसंमेलनाच्या दिवशी मंडळाच्या प्रांगणात मराठी जेवण करावे आणि ते केवळ सभासदांना नव्हे, तर तिकीट लावून शहरातील कोणालाही वाढावे. रांधणाऱ्या बायकांना बाजारभावाने मजुरी द्यावी; 'सेवा' म्हणून फुकट राबवू नये. चिरणे, वाटणे, वाढणे आणि उष्टी काढणे ही कामे साठी ओलांडलेल्या पुरुष सभासदांनी करावीत. आमचे नाव पहिले लिहून घ्यावे. पदार्थांची नावे मराठीत आणि गुजरातीत फळ्यावर लिहावीत. जेवण फसले तर फसले. निदान पुढच्या वर्षी तक्रार करण्याचा अधिकार तरी आपण कमावलेला असेल.

आणि ही सूचना कार्यकारिणीस मानवली नाही, तर त्याच उपाहारगृहात पुन्हा टेबले राखून ठेवावीत. आम्ही येऊ, मुकाट्याने जेवू, आणि संस्कृतीविषयी एक अक्षरही बोलणार नाही.